साडूंचा उजेड

उजेडाच्या बाबतीत माझ्या साडूंइतका हट्टी माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही. पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले लोक सिक्युरिटीत जातात, नाहीतर उसात रमतात. यांनी सांगलीच्या विश्रामबागेत एक खोली घेतली, कॉम्प्युटर मांडला आणि अजून न बांधलेल्या घरांची आतली चित्रं काढायला शिकले, अगदी फोटो वाटावा अशी. मी घरं बांधतो, त्यामुळे गिऱ्हाईक माझं आणि चित्रं त्यांची, असं आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, एका बैठकीच्या खोलीला ते आठ-आठ दिवस लावायचे. आतला कोच नीट दिसावा म्हणून चित्र उजळलं की खिडकीबाहेरचं आभाळ पांढरंफटक पडायचं. आभाळ सावरलं की कोच काळोखात जायचा. दोन्ही एकाच वेळी डोळ्याला पटेपर्यंत ते जेवायलाही उठत नसत.

पुढे हा नाद खोलीबाहेर आला. आमच्याकडे चहाला आले की आधी ट्यूब बंद करायचे, कोपऱ्यात उभं राहून भिंत न्याहाळायचे आणि मग सावकाश कपाला हात लावायचे. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांना त्यांनी नम्रपणे जरा डावीकडे सरकायला सांगितलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तुमचा सदरा लय जळतोय." ते गृहस्थ दचकून सदरा झटकू लागले. उन्हात पांढरा रंग डोळ्याला टोचला की त्याला यांच्या धंद्यात जळणं म्हणतात, हे समजावता समजावता बायकोचे पोहे गार झाले. लग्न मात्र जमलं.

आमचं खरं वाजलं ते एकदाच. कुंडलला एका मावशींचं घर मी बांधत होतो. त्यांचा मुलगा शिरवळला कारखान्यात, त्याला मित्रांना दाखवायला चित्रं घाईनं हवी होती. बाकीच्या खोल्या सुरेख आल्या, स्वयंपाकघर तेवढं अंधारं आलं, कारण शेजारच्या दुमजली घराची भिंत नेमकी त्याच्या खिडकीसमोर होती. मी म्हटलं, उजेड वाढवा, चित्रच तर आहे.

"वाढवतो की," साडू म्हणाले. "पण पावणं, मावशी सैपाक चित्रात करणार हायती का?"

जोतं झालं होतं. आता नकाशा हलवला तर काम हातचं जाईल या भीतीनं मी नको ते बोललो. दोन दिवस आम्ही एकमेकांना फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी ते थेट कुंडलला गेल्याचं कळलं, म्हणून मीही मागोमाग गेलो. मुलगाही सुट्टीवर आलेला होता. साडूंनी मावशींपुढे दोन चित्रं ठेवली होती, एक उजळलेलं, एक होतं तसं. यातलं खरं कुठलं, असं मावशींनी विचारलं. साडूंनी अंधाऱ्या चित्रावर बोट ठेवलं. मावशींनी ते चित्र जवळ ओढलं.

"आत्ताच्या घरात बी असंच हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सैपाकघर म्हंजे असंच असतंय."

मुलानं मोबाइल खिशात ठेवला. स्वयंपाकघर पूर्वेला गेलं आणि बैठकीची खोली त्या अंधाऱ्या जागी आली. टीव्ही अंधारातच बरा दिसतो, असं मुलगाच म्हणाला. काम माझ्याकडेच राहिलं.

गेल्या वर्षी साडूंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्यानं भेटायला गेलो, तर ते जुनी चित्रं एकामागून एक उघडून बसले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळसर दिसायचं, म्हणून नकळत ते प्रत्येक चित्रात निळी, गार छटा मिसळत आले होते.

"पावणं, एवढ्या लोकांची घरं मी जरा गारच दाखवली," ते म्हणाले.

मी समजूत घातली. कुणाची तक्रार नाही, लोक त्या घरांत केव्हाच राहायला गेलेत, ती चित्रं मोबाइलमधून पुसलीही गेली असतील. ते त्यांना पटलं. तरी हल्ली रोज सकाळी एक जुनं चित्र उघडतात, त्यातलं ऊन थोडं पिवळं करतात आणि कुणालाही न पाठवता ठेवून देतात. परवा त्यांच्या शेजारी बसून मी एक पाहिलं. घर मीच बांधलेलं, पण त्या भिंतीवरचं सकाळचं ऊन मी कधी थांबून बघितलं नव्हतं.