शनिवारचा सोबती

रॉइस टॅकेट माझ्या दुकानातून पेट्रोल घ्यायचा, कॉफी घ्यायचा, पण गांडुळं त्याने जन्मात घेतली नाहीत. पुलाजवळचं माझं दुकान गांडुळांवरच चालतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "जिवंत किडा दाखवून मासा धरणं म्हणजे लाच देणं," असं तो माझ्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा. तो स्वतः कोंबड्याची पिसं आणि हरणाचे केस गळाला बांधून खोट्या माश्या करायचा आणि त्या टर्की नावाच्या ओढ्यावर अलगद सोडायचा. धरलेला मासा परत पाण्यात जायचा. आमच्या गावात याला बरेच जण वेड समजत.

हे वेड त्याला लावलं डेल्मार हस्कीने. डेल्मार गावचा प्लंबर. रॉइसपेक्षा वयाने बराच मोठा, बोलायला कंजूस. रॉइस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत टल्साला निघून गेली, ती परत आली नाही. मूलबाळ नव्हतं. अशात एकदा डेल्मार त्याच्याकडे नळ बसवायला गेला आणि जाताना म्हणाला, शनिवारी काही काम नसेल तर ये माझ्याबरोबर. तेव्हापासून दोघांचा शनिवार ओढ्यावर जाऊ लागला. सकाळी वरच्या अंगाला, जिथे झऱ्याचं गार पाणी मिळतं तिथे ट्राउट मासे. दुपारी वाळूच्या पट्ट्यावर बसून सँडविच. मग पुलाखालच्या कोमट पाण्यात बास जातीचे मासे. रॉइसच्या दाराशी दुसरं कुणी फारसं येत नसे, आणि त्यालाही ते खुपत नसावं, कारण आठवड्याच्या शेवटी डेल्मारचा ट्रक यायचाच.

एका वसंतात डेल्मार गळाच्या दोरीचं टोक हातात धरून नुसताच उभा राहिला. आयुष्यभर बांधलेली गाठ त्याला बांधता येईना. रॉइस हसला, म्हणाला, म्हाताऱ्या, चष्मा बदल. डेल्मार हसला नाही. त्याने दोरी रॉइसच्या हातात दिली आणि तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी डेल्मारच्या बायकोने, नेडीनने, ट्रकच्या किल्ल्या लपवल्या. तो घरचा रस्ता चुकायला लागला होता. नेडीन रॉइसकडे आली आणि म्हणाली की काही झालं तरी शनिवार मोडू नकोस, पाण्यात उभा असतो तेवढा वेळ तो माझा नवरा असतो. ते खरंच होतं. गाठ विसरला, नावं विसरला, पण दोरी फेकताना त्याचा हात कधी चुकला नाही. रॉइस त्याला माशी बांधून द्यायचा आणि डेल्मार ती बुडालेल्या ओंडक्याच्या अगदी कडेला, पान पडावं तशी ठेवायचा.

सप्टेंबरातला तो शनिवार रॉइसने मला पुष्कळ नंतर सांगितला. दोघे वाळूवर जेवायला बसले होते. डेल्मारने मोठ्या अदबीने विचारलं, "तुम्ही इकडचेच का?"

रॉइसला वाटलं, थट्टा करतोय. "इथलाच," तो म्हणाला.

"हात चांगला आहे तुमचा. कुणी शिकवलं?"

"एका प्लंबरने."

"मग बरोबर. प्लंबरला पाण्यातलं कळतंच." डेल्मार खूश झाला. मग म्हणाला, "माझाही एक सोबती होता. रॉइस नावाचा. पाण्यात उतरला की गाय उतरल्यासारखा. धबाधबा. मासे पार पुलापर्यंत पळायचे. आणि तोंड तर बंदच नाही."

रॉइसने विचारलं, असा होता तर त्याला आणत कशाला होता?

डेल्मारने सँडविच खाली ठेवलं. "त्याला घरी कुणी नव्हतं हो. नसतं आणलं तर दिवसभर त्या बसगाड्यांशी बोलत बसला असता. आधी कीव आली म्हणून आणलं. मग त्याच्याशिवाय यावंसंच वाटेना." तो ओढ्याकडे बघत राहिला. "आता येत नाही तो. माझ्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं असणार."

तेव्हा रॉइसने त्याचा हात धरला. "डेल्मार, अरे मीच रॉइस."

डेल्मारने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग अवघडून, समोरच्याचं मन दुखावू नये अशा आवाजात म्हणाला, "नाही हो. रॉइस तरुण आहे."

रॉइसने त्याचा हात सोडला. शेवटी तो म्हणाला की रॉइस माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या मनात राग नाही, कामात अडकलाय.

"भेटला तर सांगाल? म्हणावं, वरच्या डोहात मी अजून दोरी टाकलेली नाही. तो आल्यावर टाकू."

त्यानंतरचे सगळे शनिवार रॉइस परका माणूस होऊन ओढ्यावर गेला. डेल्मार विचारायचा आणि हा रॉइसच्या वतीने सबबी सांगायचा. बस बंद पडली. सर्दी झाली. बहिणीकडे गेलाय. सबबी संपल्या तेव्हा पुन्हा पहिलीपासून सुरू केल्या. डेल्मारला त्या प्रत्येक वेळी नव्याच होत्या.

मी एकदा म्हटलं, कशाला स्वतःला छळतोस, घरीच बस ना.

"तिकडे तो माझी वाट बघतो," रॉइस म्हणाला. "मग मी जायला नको?"

नोव्हेंबरात डेल्मार पाण्यात पडला. रॉइसने ओढून काढलं, पण नेडीनचा धीर सुटला. तिने त्याला स्प्रिंगफील्डला, मुलीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात ठेवलं. रॉइस तिकडेही जायचा. पहिल्यांदा डेल्मार खुर्चीत झोपलेला होता. दुसऱ्यांदा त्याने रॉइसला तुंबलेल्या मोरीची तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक समजलं आणि सोमवारी येतो असा शब्द दिला. ओढ्याचं नाव निघालं नाही, रॉइसचंही नाही. हिवाळाभर रॉइस खेपा घालत राहिला. मार्चमध्ये डेल्मार झोपेतच गेला.

अंत्यविधीच्या प्रार्थनेनंतर पाद्रीबाबांनी कुणाला काही बोलायचंय का असं विचारलं. सगळ्यांच्या माना रॉइसकडे वळल्या. तो उठला नाही. बाहेर नेडीनने त्याला मिठी मारून म्हटलं, त्याचा तुझ्यावर फार जीव होता. रॉइसने मान डोलावली, आणि गाडीत जाऊन बसला.

उन्हाळ्यात मला राहवेना. एका शनिवारी दुकान बंद ठेवून मी त्याच्याबरोबर गेले. माझी दोरी झाडात अडकली, मग माझ्याच टोपीत. त्याने न वैतागता सोडवली, माशी बदलून दिली, कुठे उभं राहायचं ते दाखवलं. दिवस वाईट गेला नाही. पण परत येताना पुढच्या शनिवारचा विषय त्याने काढला नाही, आणि मीही नाही. माणसाच्या जागी माणूस बसवता येत नाही, एवढं आम्हा दोघांनाही कळलं होतं.

तो अजून जातो. गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी दुकानाच्या मागच्या खिडकीतून तो मला दिसला. गुडघाभर पाण्यात उभा, गळाची काठी काखेत, दोरी गुंडाळलेली. समोर बास माशांनी पाणी फोडलं तरी हलला नाही. बऱ्याच वेळाने वर आला, कॉफी घेतली, उद्या दव गोठेल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, गोठेल बहुतेक. मी झाडलोट केली, गल्ला बंद केला, दारावरची पाटी उलटी करून 'बंद' केली. तो काउंटरशी उभाच होता, रिकामा कप हातात धरून. मी दिवा मालवायला गेले तेव्हा त्याने कप ठेवला आणि निघाला.