मोसंबीत दूध

आमच्या ह्यांना घेऊन ज्यूसच्या दुकानात जाऊ नये, हे मला कधी कळणार कोण जाणे! आज दौंडच्या दवाखान्यातून येताना गेलो. मोसंबीच्या सालीचा कडसर वास आला आणि मला न्हावऱ्यातलं माहेरचं स्वयंपाकघर आठवलं.

मला बघायला कासुर्डीचे पाहुणे आले होते. घरात नवा मिक्सर होता. मी काढून ठेवलेल्या मोसंबीच्या रसात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तांब्याभर दूध ओतलं आणि मिक्सर फिरवला. चिकूला दूध चालतं, मग मोसंबीला का नाही?

"आप्पा, नासंल की ते!"

"दारात म्हशी बांधल्यात, आन् पाव्हण्यांना नुसता पानचट रस पाजू व्हय?"

दूध फाटायचं ते फाटलंच. वर गुठळ्या, खाली पिवळं पाणी. आप्पांनी तेच ग्लास भरून बाहेर पाठवले. पाहुण्यांनी घोटभर घेऊन ग्लास खाली ठेवले. मुलानं मात्र तोंड वाकडं न करता अख्खा ग्लास संपवला आणि म्हणाला, "ब्येस हाय."

मी दाराआड शरमेनं अर्धी झाले होते. वाटलं, आपल्या आप्पांची अब्रू राखणारा माणूस भेटला. त्या एका ग्लासावर मी होकार दिला.

आज दुकानदारानं गडबडीत ह्यांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी कारल्याचा हिरवागार रस दिला. मी सांगेपर्यंत ह्यांनी तो गटागट संपवलासुद्धा.

"कसा होता?" मी विचारलं.

मिशा पुसत म्हणाले, "ब्येस हाय."