तीन ईदांच्या शेवया

घरातले डबे रिकामे होईपर्यंत वाण्याची पायरी चढायची नाही, असं मी त्या माघात ठरवलं. लोणावळ्यात येऊन आम्हाला तीन-साडेतीन वर्षं झाली होती. ह्यांचा पाय मोडला होता आणि स्टेशनातल्या पार्सल ऑफिसातून अर्ध्या पगाराची रजा मिळाली होती. वर लढाईचे दिवस. रेशनवर मिळेल ते धान्य आणायचं आणि बाकी सगळं घरात आहे त्यातच भागवायचं, असा माझा पण होता.

मला माझ्या काटकसरीचा भारी ताठा होता. डब्यांच्या तळातून मी काय काय बाहेर काढलं! मूठभर कुळीथ, निवडता निवडता निम्मी झालेली मसूर, मागच्या उन्हाळ्यातले सांडगे, दगडासारखा झालेला गुळाचा खडा. शिळ्या भाकरीचा कुस्करा तर मी इतका खमंग करी की हे पलंगावरून विचारत, "आज काय बेत?" मी म्हणे, "वाणी माझ्या नावानं बोटं मोडत असेल बघा." आम्ही दोघं हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते, कारण त्या वेळी मी स्वतःला फारच शहाणी समजत होते.

तिसऱ्या आठवड्यात सगळे डबे संपले. राहिला तो फळीवरचा, अगदी मागे सारलेला पत्र्याचा डबा. त्यात शेवया होत्या.

त्या मागच्या दारच्या शेजारणीने दिलेल्या होत्या. तिचा नवरा स्टेशनापासून बंगल्यांपर्यंत टांगा चालवायचा. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला वैनी. आमची न्हाणी आणि तिचं परसदार यांच्यात एक मोडकं कुंपण होतं, त्यावरून दिवसातून चारदा बोलणं व्हायचं. मला ताप आला तेव्हा ह्यांच्या आंघोळीचं पाणी तिने तापवून कुंपणापाशी आणून ठेवलं होतं. आंघोळीचं पाणी चाललं. पिण्याचं चाललं नसतं.

ती उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालायची आणि ईदच्या दिवशी त्यांची एक जुडी फडक्यात बांधून मला आणून द्यायची. शिजवलेलं कधी आणलं नाही. कच्चंच. मी ते घ्यायची, "मावशी, कशाला एवढं," म्हणायची आणि आत जाऊन डब्यात टाकायची. कोरडं पीठ कुणाच्याही घरचं चालतं, पण पिठात पाणी पडलं की ते कोरडं राहत नाही, असं मी लहानपणी ऐकलं होतं. मुसलमानाच्या घरचं पाणी. हे सासूबाईंवर ढकलायची चांगली सोय होती, पण त्या पुण्यात राहत आणि आमच्या घरात काय शिजतं याचा त्यांना पत्ताही नव्हता. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच त्या शिजवल्या नाहीत.

टाकूनही दिल्या नाहीत, कारण अन्न टाकायचा माझा स्वभाव नाही. आणि आठ-दहा दिवसांनी ती कुंपणावरून विचारी, "झाली का खीर?" मी म्हणे, "झाली की! ह्यांनी दोनदा मागून घेतली." हे मी तीन वर्षं म्हणत आले. सहज, भांडी विसळता विसळता.

त्या दिवशी मात्र डबा खाली काढताना मला पाण्याची आठवणही झाली नाही. घरात गोड म्हणावं असं त्या गुळाच्या खड्याशिवाय काही नव्हतं, आणि त्या डब्यात चांगल्या शेरभर शेवया होत्या. मी त्या पाखडल्या, तव्यावर भाजल्या, गुळाचा तो खडा बत्त्याने फोडून घातला, दुधात पाणी वाढवून खीर केली. ह्यांनी खरोखरच दोनदा मागून घेतली. मीही वाटीभर खाल्ली. काहीही झालं नाही.

घरात मावशीचा पितळी वाडगा पडून होता. तिच्या भावाचं शेत औंढ्याला, तिथून आलेल्या वालाच्या शेंगा तिने त्यातून दिल्या होत्या. वाडगा रिकामा परत करायचा नसतो. एरवी मी त्यात चिमूटभर साखर घालून द्यायची, पण साखर संपलेली. मग मी वाडगा खिरीने भरला. शिजल्यावर शेवया कुणाच्या हे कोण ओळखतंय, असं वाटलं. तेही खरं नाही. मला काहीच वाटलं नाही. तीन आठवडे वाण्याकडे न जाता मी खीरसुद्धा करून दाखवली, हे कुणाला तरी दाखवायचं होतं.

मावशी परसात तांदूळ निवडत बसली होती. मी कुंपणावरून वाडगा दिला. तिला फार आनंद झाला. "वैनी, तुमच्या हातची खीर! बसा की वाईच," म्हणाली आणि तिथंच बोटाने चाखू लागली. मग तिने वाडगा उजेडाकडे तिरका केला.

"वैनी, ह्या शेवया कुटल्या?"

"बाजारातल्या," मी म्हणाले. त्या वर्षी बाजारात शेवया औषधालाही मिळत नव्हत्या, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिने एक शेवई बोटावर उचलली. "ही पांढरी. ही आमच्या घरच्या गव्हाची. तुमी हितं नव्या आलतात, त्या सालची." दुसरी उचलली. "ह्या जाड्या मधल्या सालच्या. माजा हात दुखत व्हता तवा." मग खिरीत तांबूस दिसणाऱ्या शेवयांकडे बघत राहिली. "आन् ह्या लाल, रेशनच्या गव्हाच्या. त्या सालाला पीठच पुरंना. तुमचा वाटा आदी काढला, मग आमच्या घरात केल्या."

मी कुंपणाची काठी हातात धरून ठेवली होती.

"म्हंजी पयल्या बी तशाच पडून व्हत्या?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं. "तुमी तर म्हणलतात, लय आवडल्या."

मी काहीतरी पुटपुटले. ह्यांच्या पायाचं, रजेचं, डबे संपल्याचं. ती मान हलवत ऐकत होती. मग म्हणाली, "व्हय, अडचण आसती." आणि उठता उठता, "शिजवल्यालं तुमास्नी चालत न्हाई म्हनून तर मी कच्च्या देत हुते." वाडगा घेऊन ती आत गेली. खीर तिने टाकली नसणार. तीही अन्न टाकणारी नव्हती.

मी घरी आले आणि चुलीपुढे बसून राहिले. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. पोटाला लागलं तेव्हा पाणी चाललं आणि तिने प्रेमाने दिलं तेव्हा चाललं नाही, एवढं साधं होतं ते.

पुढे बोलणं बंद झालं नाही, पण ती कुंपणाशी पूर्वीसारखी रेंगाळेना. ईद येईल तेव्हा मी तिच्या दारात जाईन आणि शिजवलेलंच मागेन, असं मी मनाशी घोकत होते. अगदी वाक्यही ठरवून ठेवलं होतं.

ईदच्या सकाळी पाऊस होता. मी पदर सारखा करून निघणार तोच तीच मागच्या दारी आली. नवं लुगडं, डोक्यावर गोणपाट. हातात फडकं नव्हतं. साखरेची पुडी होती, दुकानातली, वरचा दोरासुद्धा न सोडलेली. त्या दिवसांत घरच्या रेशनमधून एवढी साखर काढणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

तिने ती उंबऱ्यावर ठेवली. "घ्या वैनी. हिला आमचा हात लागल्याला न्हाई."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी रडून माफी मागितली असती. पण ती खरोखर माझी सोय बघत होती. ठरवलेलं वाक्य सोडून मी म्हणाले, "मावशी, कशाला एवढं." दरवर्षीचंच.

ती साखर मी पुरवून पुरवून दोन महिने वापरली. एक कणही वाया घालवला नाही.