बोटभर अलीकडे

आमचे सासरेबुवा अणुसंशोधन संस्थेत भिंतीपलीकडच्या वस्तू उचलून ठेवायचं काम करतात. लग्न ठरलं तेव्हा मी हे घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "म्हणजे हमाली?" मी म्हटलं, तसंच काहीसं; फक्त ओझं मुठीएवढं असतं आणि त्याला हात लावायची सोय नसते.

भिंत दोन्ही हात पसरावेत एवढी जाड. तिच्यात पिवळसर काचेची खिडकी. खिडकीच्या अलीकडे दोन मुठी, पलीकडे दोन लोखंडी हात. इकडे मूठ दाबली की तिकडे चिमटा मिटतो. पलीकडच्या किरणोत्सारी बाटल्यांची झाकणं उघडायची, आतला माल तोलायचा, पुन्हा बंद करायचा. मामांचं, म्हणजे सासरेबुवांचं, अख्खं आयुष्य त्या खिडकीपाशी गेलं. संस्थेत त्यांना मनगटराव म्हणतात. घरी आले की हेच मनगटराव खांद्याला शेकाची पिशवी लावून आडवे होतात आणि पाणी मागायचाही कंटाळा करतात. सासूबाई म्हणतात, "तिकडे भिंतीपलीकडचं उचलतात, इथे उशाशी ठेवलेलं उचलवत नाही."

मी त्याच संस्थेत चाचणी विभागात. त्यामुळे बायकोपेक्षा तिचे वडीलच मला जास्त दिसतात.

जुने हात आता म्हातारे झाले होते. त्यांच्या जागी बसवायला विकास विभागातल्या बाईंनी नवा हात तयार केला. त्या कामात बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि बोलणं कमी होत गेलं. चाचणी एका रिकाम्या खोलीत, बाटलीत नुसती वाळू. नियम असा, की खिडकीवर बसणाऱ्या माणसांच्या हातून चाचणी पार पडली तरच यंत्र पास. अशी माणसं दोनच: मामा आणि मामांनी तयार केलेला त्यांचा शिष्य. शिष्य म्हणजे कोवळा पोरगा नव्हे, चांगला टक्कल पडलेला बाप्या.

मामांनी बाटली उचलली, वजनकाट्याच्या तबकडीकडे नेली, सोडली. ती कडेवर टेकली, डुलली आणि पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग शिष्य बसला. त्याचीही पडली.

बाईंनी हात उतरवला, सांधा न् सांधा खोलला, मोजला, पुन्हा जोडला. पुन्हा चाचणी, पुन्हा वाळू फरशीवर. असे आठवडे गेले. माझं काम होतं बाजूला उभं राहून 'पडली' असं लिहिणं. ते लिहून माझाही हात दुखायला लागला, मग खोलणाऱ्या बाईंचं काय सांगावं! शेवटी साहेब वैतागले. "सोमवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर हा हात भंगारात आणि जुन्याचीच डागडुजी."

आदल्या दिवशी मी सासुरवाडीला जेवायला होतो. मामा घास हातात धरून बसलेले.

"जावईबापू, बाटली मीच पाडतोय."

"मामा, ते सगळ्यांनी बघितलंय."

"थट्टा नको. आमचा जुना हात ढिला आहे. आपण थांबलो तरी तो बोटभर पुढे जातो. म्हणून आम्ही बोटभर अलीकडेच थांबतो, तो आपोआप जागेवर जातो. नवा हात सांगितलं तिथेच थांबतो. मग बाटली कडेवर टेकते."

"कशावरून?"

"आमच्या शिष्याचीही नेमकी तिथेच पडते. दोन माणसं एकाच जागी कशी चुकतील? त्याला शिकवलंय ना मी."

"मग आता सवय मोडा."

"गेला आठवडाभर तेच करतोय. डोक्याला कळतं हो, मनगटाला कळत नाही."

मी धोरणी जावई. म्हटलं, "मग गप्प बसा. कोण विचारतंय?"

"गप्प बसलो तर बाईंचा हात भंगारात. बोललो तर खिडकीवर नवी माणसं येतील आणि आम्ही दोघं भांडारात. माझं काय, थोडे दिवस राहिलेत. त्याची अर्धी नोकरी बाकी आहे."

"त्याला विचारलंत का?" सासूबाई म्हणाल्या.

मामांनी घास ताटात ठेवला. "विचारलं तर तो नको म्हणेल."

सोमवारी सगळे जमले. मामा मुठींपाशी गेले, हात वर केले आणि तसेच खाली घेतले. "साहेब, यंत्र चांगलंय. आमचे हात बिघडलेत." मग घरी सांगितलं तेच सांगितलं, त्याहून थोडक्यात.

साहेब हसले. "मनगटराव, तुमची दुरुस्ती आता कोणत्या विभागात पाठवू?"

कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. बाईंनी बाटली उचलली आणि तबकडीच्या मधोमध ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मला वाटलं, आता आनंद होईल. बाई स्टुलावर बसून राहिल्या.

"किती वेळा खोलला मी हा," त्या म्हणाल्या. "आधी का नाही बोललात?"

"कळलंच आत्ता आठवड्यापूर्वी, बाई."

"हं," बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

साहेबांनी नियम बाजूला ठेवून तिथल्या तिथे निकाल लावला: नवा हात पास, खिडकीसाठी नवी माणसं, आणि जुना हात उतरला की हे दोघं भांडारात. मी 'पडली नाही' असं लिहिलं. लिहायला जरा जडच गेलं.

दुपारी कॅन्टीनमध्ये शिष्य एकटाच कोपऱ्यातल्या टेबलावर होता. मामा चहा घेऊन त्याच्यासमोर बसले. मी शेजारच्या टेबलावर, कान तिकडे.

"मला आधी सांगायचं होतंत," शिष्य म्हणाला.

"सांगितलं असतं, तर तू बोलू दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"म्हणून."

"वीस वर्षं भांडारात काय करू मी? नट मोजू?"

मामांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. "मला जसं येत होतं तसं शिकवलं रे," ते म्हणाले.

"शिकवलंत चांगलंच. जातच नाहीये."

पाळीची घंटा झाली. जुना हात उतरायला अजून अवकाश होता आणि पलीकडे बाटल्या उघडायच्या पडल्याच होत्या. मामा उठले, उजवा खांदा धरून क्षणभर टेबलाला टेकले. शिष्य त्यांच्याकडे न बघता पुढे निघाला. दाराशी थांबला.

"चला आता," तो म्हणाला. "उजवी मूठ मी बघतो. तुम्ही डावीने नुसती झाकणं धरा."