मी खाली केलेला हात

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळत आलो. घरात फणसाचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जात असे. बायकोला संशय होता, पण तिने कधी विचारलं नाही. आता ती नाही, दादाही नाही. आमच्या वाडीत अजून कुणी ती हकिगत सांगतं तेव्हा सगळा दोष एका कुत्र्यावर जातो. तो दोष खोटा आहे, आणि हे सांगू शकेल असा मी एकटाच उरलो आहे.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधली वर्षं. लांज्यापासून आत आमचं गाव, तिथल्याच प्राथमिक शाळेत मी मास्तर. आमचं घर आणि काकूचं घर एकाच गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत, समोरासमोर. काकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, ती दापोलीकडे मुरुडला दिलेली. पन्नाशीनंतर काकूचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच तिला कळे.

दोन घरांच्या मध्ये फणस होता. काका-काकूंनी लग्नाच्या वर्षी लावलेला. जमीन सामाईक, पण झाड काकूचं हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र तसं कुठे नव्हतं. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्याचं लाकूड हवं होतं. तो मुंबईला नोकरीला होता आणि गावात नवं घर बांधायला काढलं होतं. दारं-खिडक्या त्याच फणसाच्या करायच्या असा त्याचा हट्ट.

आमच्याकडे मोठं झाड तोडायच्या आधी तोडकरी बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. शेवटी विचारतात, घरातलं कुणी नाही म्हणतंय काय? कुणी नाही म्हटलं तर नारळ उचलून परत जातात. एकदा कुऱ्हाड लागली की मात्र झाड अर्धं ठेवत नाहीत. एका शिमग्याला दादाने तोडकरी आणले तेव्हा काकू पदर खोचून बाहेर आली आणि "नाही" म्हणाली. तोडकरी गेले. दादा हसला. म्हणाला, "या खेपेला दिसले म्हणून. पुढच्या खेपेला ऐकू येणार आहे काय?"

ते तिला कुणीतरी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. बरोबर तिचा कुत्रा. तांबूस, अर्ध्या शेपटीचा, कुठून तरी आलेला. तो भुंकत नसे. साप दिसला तरी उभा राहून बघत बसे.

"तू मास्तर ना?" काकू म्हणाली. "चाळीस पोरांना शिकवतोस. या एकाला शिकव. बेड्याशी कोण आलं की मला कळायला हवं."

बेडं म्हणजे गडग्यात ये-जा करायला आडवे बांबू लावलेली वाट. बायको बाहेरून बांबू वाजवायची आणि मी कुत्र्यासमोर बसून भुंकून दाखवायचो. आठवडाभर हेच. "अहो, शाळेत नका करू असं," बायको म्हणाली, "पोरं तेवढंच शिकतील." कुत्रा मान वाकडी करून माझ्याकडे बघे. शेवटी काकूच हसत सुटली. "मेल्या, तो भुंकला तरी मला कुठे ऐकू येणार? तुझं तरी येतंय काय?"

एवढं साधं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी सुक्या बोंबलाचा तुकडा काकूच्या पदराच्या टोकाला बांधला. बायकोने बेडं वाजवलं की मी कुत्र्याला काकूकडे धाडायचो. तो वासाने पदर ओढायचा, आणि काकू गाठ सोडून त्याला तुकडा द्यायची. "लुगड्याला वास मारतोय, देवळात जाऊ कशी?" अशी तिची कुरकुर चाले, पण गाठ ती स्वतःच बांधून ठेवी. महिनाभरात बोंबील नसला तरी कुत्रा पदर ओढू लागला.

आता तो कुणासाठीही ओढू लागला. पोस्टमन, कासारीण, मी, शेजारच्या कोंबड्या. काकूची भाकरी तव्यावर करपे. म्हणून मी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली. मी तळवा जमिनीकडे करून हात सावकाश खाली नेला की माणूस आपलं आहे, सांगायची गरज नाही. तो लगेच बसायचा, आणि मी हात वर केला की उठून काकूकडे जायचा. हे शिकवल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

वर्षभर कुत्र्याने चोख काम केलं. काकू येईल त्याला सांगे, "मला कान नाहीत, पण हा आहे."

पुढच्या शिमग्याला दादा आला. पालखी घरोघर फिरून गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओटीवर चहा घेत म्हणाला, "आज सुतार येईल. बुंध्याचं माप घेऊन जाईल. काकूला कळलं तर उगाच कालवा करील. कुत्रं तुझं ऐकतं ना?"

"तोडायचं नाही तर माप कशाला?"

"शिंप्याने माप घेतलं म्हणून कापड फाटतं काय? मास्तर झालास, पण भित्राच राहिलास."

वडील गेल्यावर दादाने मला शिकवलं होतं. त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

दुपार होत आली तेव्हा चार माणसं बेडं ओलांडून आली. एकाच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. कुत्रा काकूच्या पायरीवर होता. तो उठला, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आत जायला वळला. मी हात खाली केला. तो बसला.

मला फसवलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. हात खाली नेला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण मग नारळ दिसला. गोणपाट सुटलं, करवत दिसली. गाऱ्हाणं मी पुरतं ऐकलं. म्हाताऱ्या तोडकऱ्याने विचारलं, "घरातलं कोण नाय म्हणताय काय?" आणि तो थांबला. चांगला थांबला.

"कोण नाही," दादा म्हणाला.

काकूचं दार माझ्यापासून पंधरा पावलांवर. कुत्रा माझ्या हाताकडे टक लावून बघत होता. मी हात वर केला नाही.

काकू मागल्या पडवीत भाकऱ्या भाजत होती. झाड पडलं तेव्हा जमीन हादरली, मांडणीवरची भांडी घरंगळली, तेव्हा तिला कळलं. पिठाच्या हातांनी ती पुढे आली. फांद्यांना लागलेले कोवळे फणस अंगणभर फुटले होते. ती दादाला काही बोलली नाही. पायरीवर बसलेल्या कुत्र्याकडे बघून म्हणाली, "तुला बोंबील कमी पडला काय रे?"

कुत्र्याने शेपटी हलवली.

"कुत्रंच ते, काकू," दादा मोठ्याने म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्याने त्याने मला वाचवलं, आणि बांधूनही टाकलं.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "तू माप म्हणाला होतास."

"घेतलं की माप. आणि तू कुठे होतास? तिथेच उभा होतास ना?"

त्यानंतर काकू कुत्र्याला भाकरी घाले, पण त्याच्याशी बोलेना. कुणी आलं की तो पदर ओढायचा, ती हिसडा मारून सोडवायची. गणपतीनंतर मुलगी तिला मुरुडला घेऊन गेली. कुत्रा माझ्याकडे राहिला. बेड्याशी कुणी आलं की तो आधी माझ्या हाताकडे बघे.

पुढच्या उन्हाळ्यात आंब्यांची पेटी घेऊन मी मुरुडला गेलो. एसटीत सगळी वाक्यं घोकत होतो. काकू ओटीवर होती. मुलगी, जावई, शेजारच्या दोन बायका, सगळे तिथेच. तिचे कान आणखी गेले होते. कानाशी बोललेलंही पोचेना. हळू आवाजात सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. जे सांगायचं ते आळीला ऐकू जाईल असं सांगायला हवं होतं. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नव्हतं, मग तेही कुणालातरी ओरडूनच वाचावं लागलं असतं.

"कुत्रं आहे काय?" तिने विचारलं. मी मान हलवली.

"मारू नको हो त्याला. जनावर ते. तू एवढा जीव लावून शिकवलंस, तुझा काय दोष?"

मी तिच्या कानाशी वाकलो. ओटीवरचे सगळे आमच्याकडे बघू लागले. तिने डोक्यावरचा पदर मागे सारून कान पुढे केला.

"काकू!" मी ओरडलो. "आंबे आणलेत! पेंढ्यात ठेव, दोन दिवसांत पिकतील!"

"हो, हो," ती म्हणाली.

पुन्हा जायचं ठरवत होतो, तेवढ्यात ती गेल्याचं पत्र आलं. मला ओरडायचं होतं ते एवढंच होतं: काकू, कुत्रा तुला सांगायला निघाला होता. मी हात खाली केला. मला माफ कर.