घडीबाबू आणि खेळामागची माणसं

सबनीस काकांना जेवायला बोलावलं, तर "छान झालंय" असं ते कधी म्हणायचे नाहीत. एका होळीला आईनं त्यांना पुरणपोळी खायला बोलावलं होतं. चौथी पोळी संपवून, हात धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, डाळ शिजवण्यापासून धरलं तर सव्वातीन तास. आणि आम्ही ते बारा मिनिटांत संपवलं. माफ करा." आई पदराला हात पुसत हसत सुटली. आपल्या स्वयंपाकाचं कौतुक पुष्कळांनी केलं, पण माफी एकट्या सबनीसांनी मागितली, असं ती पुढे कित्येक वर्षं सांगायची.

काका मूळचे मिरजेचे. भोपाळच्या ज्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही राहायचो, तिथे ते 'टाइम स्टडी'त होते. म्हणजे कामगार काम करत असताना हातात स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभं राहायचं आणि त्या कामाला किती वेळ द्यायचा ते ठरवायचं. त्या वेळेवर कामगाराचा बोनस ठरे. असा माणूस कुठल्याच कारखान्यात लाडका नसतो. सगळे त्यांना 'घडीबाबू' म्हणत. ते नाव फाटकातून बाहेर पडून भाजीवाल्यांपर्यंत आणि आम्हा मुलांपर्यंत पोचलं होतं. तोंडावर 'काका', पाठीमागे 'घडीबाबू'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं.

माझे बाबा त्याच कारखान्यात स्टोअरला होते. ते एक गोष्ट रंगवून सांगायचे. रामसेवक नावाचा एक जुना फिटर होता. घडीबाबू शेजारी येऊन उभे राहिले की तो एकेक बोल्ट अशा काही संथपणे फिरवायचा, की जणू पूजाच मांडली आहे. पहिले दोन दिवस काकांनी मुकाट्यानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी घड्याळ खिशात टाकून म्हणाले, "रामसेवकजी, इतना धीरे करने में आपको ज़्यादा मेहनत लग रही है. आराम से कीजिए, पसीने का टाइम मैं अलग से दूँगा." आणि खरोखरच दिला. पाणी प्यायचा, घाम पुसायचा, पाठ मोकळी करायचा असा विसाव्याचा वेळ हिशेबात धरायची पद्धत होतीच. पण इतर लोक तो हात आखडून धरायचे. काका म्हणायचे, "मशीनला विसावा लागत नाही, माणसाला लागतो. तो धरला नाही, तर मोजलंस काय? मशीनच मोजलंस."

या माणसाची आणि माझी खरी गट्टी जमली ती व्हिडिओ गेममुळे. मी नववीत असताना बाबांनी घरात कॉम्प्युटर घेतला. अभ्यासासाठी, असं ते सगळ्यांना सांगत. आनंद नगरच्या बाजारात पप्पूभाईच्या टपरीवर चाळीस रुपयांत कुठल्याही खेळाची सीडी मिळायची. अस्सल खेळ न्यू मार्केटमध्ये काचेच्या कपाटात असायचा, किंमत चौदाशे. आमच्या लेखी तो दागिन्यांच्या दुकानातला माल होता.

एके संध्याकाळी काका बाबांकडे पेपर मागायला आले आणि माझ्या पाठीशी उभे राहिले. जंगलात हरवलेलं शहर शोधायचा खेळ होता. मी एका वाघापासून जीव खाऊन पळत होते.

"थांब," काका म्हणाले.

"काका, थांबले तर तो खाईल!"

"खाऊ दे. ते मागचं झाड दाखव."

वाघानं मला खाल्लं. काकांनी खुर्ची ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवून झाडाकडे बघत बसले. वारा आला की झाडाच्या फांद्या हलत आणि पानांच्या खालची सावलीही हलायची. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. खेळ कुणीतरी करतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मला तो पप्पूभाईकडे मिळायचा. शोधाशोध केल्यावर एका कोपऱ्यात बनवणाऱ्यांच्या नावांची यादी सापडली. काकांनी ती हजेरीपट वाचावा तशी मोठ्यानं वाचून काढली. उच्चार मिरजेचे. दोनशेच्या वर नावं निघाली.

"एवढी माणसं," ते म्हणाले. "आणि सीडी किती?"

"चाळीस."

"यांना त्यातलं काय मिळतं?"

"काका, ते सगळे परदेशात असतात. श्रीमंत असतात."

"रामसेवकलाही वाटतं मी श्रीमंत आहे," काका म्हणाले आणि पेपर न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन थेट आनंद नगरला गेले. मला धरणी दुभंगावी असं वाटत होतं. काकांनी पप्पूभाईला अत्यंत आदरानं विचारलं, "भाईसाहब, चालीस में किसका कितना?"

पप्पूभाईही सरळ माणूस. म्हणाला, "बाबूजी, दस की सीडी, तीन की पन्नी, बाक़ी अपना."

"और बनानेवाले का?"

"बनानेवाला तो आज तक लेने आया नहीं."

मला वाटलं, आता काका भाषण देणार. पण ते हसले, पप्पूभाईच्या पैशानं चहा प्याले आणि तिथून मला न्यू मार्केटला घेऊन गेले. तिथे काचेमागच्या खेळाची किंमत वाचून त्यांचा चेहरा पडला. कारण चौदाशे ही रक्कम त्यांनाही झेपणारी नव्हती. "हेही बरोबर नाही," ते म्हणाले. "एवढ्याला कुठलं मूल घेणार?" परतताना बसमध्ये ते बोटांवर काहीतरी मोजत होते. कारखान्याचं फाटक दिसल्यावर एकदम म्हणाले, "तुम्ही मुलं किती आहात?"

गेम खेळणारी आम्ही चौघं होतो. पाचवा वाटा काकांनी स्वतःचा धरला आणि सहा महिने साठवून आम्ही तो खेळ घेतला. खेळ आठवडाभर एका घरी, मग पुढच्या, असं वेळापत्रक त्यांनी आखून दिलं. स्वतःच्या पाळीत ते घरी आणलेल्या उसन्या कॉम्प्युटरवर झाडं बघत बसायचे आणि वाघ त्यांना दर तीन मिनिटांनी खायचा. शेवटी सबनीस काकू वैतागल्या. काकू माहेरच्या इंदूरच्या. "अहो, सरका तिकडे. बघत काय बसता? मी याला निपटवते आधी," असं म्हणून त्यांनी माऊस हातात घेतला. आम्ही चौघं अजून नदीच्या अलीकडेच अडकलेलो असताना काकूंनी ते हरवलेलं शहर शोधून काढलं. वाट कशी सापडली ते मात्र त्या कुणाला सांगत नसत.

पुढे मी चित्रकलेकडे वळले आणि पुण्याला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागले. तिथे माझं काम होतं झाडं, दगड, भिंती, विहिरी करण्याचं. काका तोवर निवृत्त होऊन भोपाळमध्येच बाग सेवनियाला राहायला गेले होते. मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना नेऊन दिला. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. "सध्या काय चाललंय?" "वडाचं झाड." "किती दिवस?" "सहा." "पारंब्या धरून?" "धरून." मग समाधानाचा हुंकार. मी सलग पाच रविवार ऑफिसातूनच फोन उचलला, तेव्हा मात्र ते भडकले. "विसाव्याचा वेळ कुठे आहे तुझ्यात? तो त्या किमतीत धरलाय का कुणी?"

खेळांच्या किमती तेव्हा चांगल्याच चढू लागल्या होत्या. माझी वडाची झाडं ज्या खेळात होती, त्याची किंमत चार हजारांच्या पुढे ठरली, आणि ती ठरली त्याच महिन्यात कंपनीनं आम्हा पुष्कळ जणांना एका सकाळी खोलीत बोलावून कामावरून कमी केलं. मी भोपाळला आईबाबांकडे, त्यांच्या अयोध्या नगरच्या नव्या घरी आले आणि दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहू लागले. तीन महिन्यांनी खेळ बाजारात आला. मी तो बघितलाही नाही. पण काकांनी पेन्शनमधून तो पूर्ण किमतीला विकत घेतला. स्वस्त होईपर्यंत थांबा असं मी सांगितलं होतं, तर म्हणाले, "तू थांबली होतीस का झाड करताना?"

काकूंना खेळ संपवायला महिना लागला. मग काकांचा फोन आला.

"मीनल, तुझं नाव नाही."

"कुठे?"

"यादीत. दोनदा वाचली. चहावाल्याचं नाव आहे, ते योग्यच आहे. कुणाच्या तरी मांजराचं आहे. तुझं नाही."

"काका, मी आधीच निघाले ना. खेळ बाहेर येतो त्या दिवशी जे कंपनीत असतात, त्यांचीच नावं घालतात. रिवाज आहे तसा."

"विहिरीकाठचा वड तुझा ना?"

"हो."

"तो नाही गेला कुठे तीन महिने आधी. उभाच आहे तिथं."

मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. त्यातच काका कंपनीला पत्र लिहिणार म्हणाले. "माझं नाव कुठेही लिहू नका," मी ओरडलेच. "मला पुढे कुणी काम देणार नाही. तुमचं काय जातंय?" इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "बरोबर आहे तुझं. माझं काहीच जात नाही. तुझं नाव नाही लिहिणार."

त्यांनी शब्द पाळला. पत्र लिहिलं ते असं, की या खेळात ज्यांनी ज्यांनी काम केलं आणि ज्यांची नावं गळाली, त्या सगळ्यांची घाला. तीन पत्रं रजिस्टर पोस्टानं गेली. उत्तर एकाचंही नाही. मग काकू म्हणाल्या, "अहो, चिठ्ठ्या कोण वाचतं आता? जिथून खेळ घेतला तिथे खाली लोक लिहितात ना, तिथे टाका." तिथे लोकांनी किमतीवरून नुसता शिमगा मांडला होता. काकांनी ते सगळं शांतपणे वाचलं आणि सांगितलं, काकूंनी टाइप केलं:

"खेळ महाग आहे, तक्रार खरी आहे. तरी आम्ही घेतला, कारण त्यात पुष्कळ माणसांचा पुष्कळ वेळ आहे. वाढलेली किंमत त्यांच्यापर्यंत पोचली का, हे आम्हांला कळत नाही. निदान ती माणसं कोण होती एवढं तरी पूर्ण सांगा. काही नावं गळाली आहेत. खेळ पत्नीनं पूर्ण केला. तिचं वय सहासष्ट."

या शेवटच्या वाक्यानं कमाल केली. पोराटोरांनी काकूंना सलाम ठोकले. तिसरा राक्षस कसा मारला, असं विचारणाऱ्यांची रांग लागली. काकूंनी तेही कुणाला सांगितलं नाही. नावं गाळलेल्यांची सोय झाल्यावर सांगेन, असं मात्र प्रत्येकाला लिहिलं. मग किमतीवरून भांडणारी तीच मंडळी कंपनीला नावांबद्दल विचारू लागली. मी हे सगळं अयोध्या नगरच्या पलंगावर पडून वाचत होते. एका दुपारी मी उठले, बस पकडून बाग सेवनियाला गेले आणि काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "अगं, घाबरतंच माणूस. त्यालाही वेळ द्यायचा असतो." मग काकूंनी पोहे दिले आणि आम्ही तिघांनी खेळातल्या विहिरीकाठी जाऊन वड बघितला. दूरवर कुठेतरी एक पक्षी बोलत होता. काका म्हणाले, "याचंही नाव नसेल बघ. म्हणजे ज्यानं तो बोलता केला त्याचं."

दिवाळीच्या आधी काका गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. घाटावर रामसेवकचा मुलगा आला होता. बापाला आता चालवत नाही, म्हणून मला पाठवलं, म्हणाला.

जानेवारीत कंपनीनं खेळात काही दुरुस्त्या केल्या आणि त्यांच्यासोबत नावांच्या यादीला आणखी अकरा नावं जोडली. मला ते काकूंकडून कळलं. सकाळी सकाळी फोन आला, "मीनल, आलीस गं तू. वरून चौथी."

त्याच आठवड्यात एक अनोळखी नंबर वाजला. कोल्हापूरचा एक मुलगा होता, अकरापैकीच एक. त्या खेळातल्या पक्ष्यांचे आवाज त्यानं केले होते. यादीतल्या एकेकाला शोधून तो फोन करत होता.

"त्या प्रतिक्रियेखाली सबनीस असं नाव होतं," तो म्हणाला. "कोण हो ते? तुमच्या टीममध्ये होते का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या शेजारी राहायचे."

मग म्हणाला, "त्यांच्याशी बोलता येईल?"

मी त्याला काका गेल्याचं सांगितलं, आणि काकूंचा नंबर दिला.