पिशवी पुढे, अक्का मागे

आमच्या अक्कांएवढी हट्टी बाई तंजावूरच्या मराठी मंडळींत गेल्या तीनशे वर्षांत झालेली नाही. हे मी बेधडक लिहितो, कारण त्या तीनशे वर्षांतल्या बाकीच्या हट्टी बायकांच्या कथा मला अक्कांनीच सांगितल्या आहेत आणि प्रत्येक कथेच्या शेवटी ‘हे काय मोठं!’ असं म्हणून आपला नंबर पहिला लावून घेतला आहे. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मी मूळचा सोलापूरचा. इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून आलो आणि इथलाच जावई होऊन बसलो. तेव्हापासून अक्का मला ‘माप्पिळ्ळे’ म्हणतात. जावयाला हाक मारायचा हा तमिळ शब्द मोठ्या मानाचा आहे, पण अक्कांच्या तोंडून तो ‘अहो शहाणे’च्या चालीवर येतो. त्यांचं मराठी आमच्या पणजीच्या काळचं, हेल तमिळ आणि आवाज सरकारी कचेरीतला. या तिन्हींपुढे सोलापूरचा माणूस काय टिकणार?

पळण्याचं खूळ शिरलं ते डॉक्टरांमुळे. बावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले म्हणून अक्का त्यांच्याकडे गेल्या. ते बिचारे म्हणाले, आता जिने कमी करा, संध्याकाळी गल्लीत सावकाश चालत जा. बस्स! त्या तरातरा आमच्याकडे आल्या आणि दारातूनच विचारलं, “माप्पिळ्ळे, माणसं सगळ्यांत लांब पळतात ते किती?” मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, “मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर.” अक्का म्हणाल्या, “शरी. मग तितकंच पळतें.” शरी म्हणजे ठीक. शिंप्याकडे ब्लाउज टाकून यावं तसा हा निर्णय झाला. पळून झालं की डॉक्टरांच्या टेबलावर मेडल ठेवायचं आणि एक अक्षर न बोलता परत यायचं, हेही तिथेच ठरलं. त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू, यांनी ‘छान’ म्हटलं. तीस वर्षांच्या संसारात हो म्हटल्याने वेळ वाचतो हे शास्त्र त्यांना पुरतं अवगत झालेलं आहे.

विरोध केला तो अक्कांच्या सासूबाईंनी. ऐंशी ओलांडलेल्या या बाईंना आम्ही सगळे अम्मा म्हणायचो. त्यांचं सोवळं, ज्याला इथे मडी म्हणतात, इतकं कडक की वाऱ्यानेसुद्धा हातपाय धुऊन आत यावं. “ह्या वयास पळतात का?” अम्मा म्हणाल्या. “उद्या बाजारात बोलतील, त्यांची सून पळाली मणून. मग मी घरोघर जाऊन सांगू, परत येते, परत येते?” अक्का म्हणाल्या, “सांगा. तेवढाच तुमचाही व्यायाम होईल.” त्या दिवसापासून सासूचं ‘नको’ आणि सुनेचं ‘का नको’ हे त्या घरचं रोजचं लोणचं झालं. त्याशिवाय दोघींनाही भात गोड लागत नसे.

आता पळायचं कधी? पहाटे स्वयंपाक, अम्मांची पूजेची तयारी, मग पापनाशमच्या सरकारी कचेरीत जायला बस. संध्याकाळी परत. यावर अक्कांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. परतीच्या बसमधून त्या अलीकडच्या थांब्यावर उतरायच्या आणि उरलेला रस्ता पळत यायच्या. आधी एक थांबा अलीकडे, मग दोन, मग शहराबाहेरच्या भाताच्या शेतांपाशीच. डबा, छत्री आणि साडी कोंबलेली पिशवी मात्र बसमधूनच पुढे यायची. कंडक्टर ती स्टँडवरच्या फूलवालीकडे द्यायचा, फूलवाली त्यांच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याकडे, आणि रिक्षावाला अम्मांकडे. मग अम्मा पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसत. कुणी विचारलं तर म्हणत, “सुनेची पिशवी आली, सून येते आहे.” रस्त्यावर सलवार-कमीजची ओढणी कमरेला आवळून, केसांत मोगऱ्याचा गजरा घालून पळणारी बाई दिसली की बसमधली माणसं खिडकीतून हात करीत. एकदा एका स्कूटरवाल्याला वाटलं, बाईची बस चुकली. त्याने मोठ्या कनवाळूपणे गाडी थांबवली. अक्कांनी त्याला असं झापलं की तो बिचारा गाडी ढकलत निघाला.

सगळं सुरळीत चाललं असतं तर ती आमची अक्का कसली! पावसाळा सरता सरता अम्मा न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अक्कांनी रजा घेतली. अंग पुसणं, कूस बदलणं, वेळेवर गोळ्या, सगळं मडीत राहून करायचं. पळणं संपलं असं आम्हां सगळ्यांना वाटलं. मी समाधानाने मान हलवून म्हणालोही, “बरं झालं, निदान गुडघे वाचले.” दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो तर छतावर दण-दण चाललेलं. अम्मा झोपल्या की अक्का गच्चीवर फेऱ्या मारीत आणि अम्मांच्या हाताशी हाक मारायला पूजेतली घंटा ठेवीत. मी खाली बसलो होतो. वरची दणदण जरा मंदावली, तशी झोपलेल्या अम्मांनी डोळे न उघडता घंटा बडवली. अक्का धावत खाली. “काय हवं?” “काही नको.” पुन्हा वर, पुन्हा दणदण, पुन्हा मंदावली की घंटा. मी अम्मांना म्हटलं, “उगाच का छळता त्यांना?” तर म्हणाल्या, “वरती पाय थांबले मणजे पडली असेल असं वाटतं मज. मी पडलें तेव्हा मज कोणी ऐकलं नाही.”

मॅरेथॉन आमच्या शहरातच होती, रविवारी, सूर्योदयाच्या आधी सुरू होणारी. अक्कांनी नाव नोंदवलं, शर्टावर लावायचा नंबर आला, आणि आठवडा उरला असताना शास्त्रीबुवा दारात येऊन म्हणाले, “रविवारी श्राद्ध. केळीची पानं मी आणतो.” रविवारी अक्कांच्या सासऱ्यांचं श्राद्ध! ही चूक तंजावूरच्या मराठी घरातच होऊ शकते. आमची श्राद्धं चांद्रमासाच्या तिथीवर चालतात आणि भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरात महिना सूर्याचा. दोन्हींत कधी कधी महिन्याची तफावत पडते. दरवर्षी अम्मा पंचांग काढून दिवस सांगत. यंदा त्या अंथरुणात, म्हणून अक्कांनी कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलं, तमिळ महिन्यातली तीच तिथी धरली आणि श्राद्ध शर्यतीनंतर चार आठवड्यांनी येतं असं मनाशी पक्कं केलं.

आम्ही सगळे जमलो. श्राद्धाचा स्वयंपाक सुनेने न्हाऊन, उपाशीपोटी, मडीत करायचा. माझी बायको म्हणाली, “अक्का, एक स्वयंपाकी बोलावू. सगळे बोलावतात की.” अक्कांचे डोळे भरले. त्या कधी रडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे घाबरलो. “मज नोकरीस कोणी पाठविलं?” त्या म्हणाल्या. “सगळे नको मणत असतां मामंजी स्वतः सोडायला आले पापनाशमास. त्यांच्या पानावर भाड्याचा वडा पडायचा नाही.” अम्मा अंथरुणातून म्हणाल्या, “मग पळणं सोड.” अक्कांनी डोळे पुसले. “तेही सोडायची नाही.”

आणि खरोखरच दोन्ही सोडलं नाही. पहाटे काळोखात बाई निघाल्या. पाण्याच्या बाटल्या घेऊन मी स्कूटरवर मागे. पोटात पाण्याशिवाय काही नाही. तीस किलोमीटर झाल्यावर शर्यतीचा रस्ता त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जात होता. तिथे अक्का वळल्या. झेंडा घेतलेली कॉलेजची पोरगी ओरडली, “मॅडम, फिनिश सरळ आहे!” अक्कांनी तिला तमिळमध्ये सांगितलं, “ठाऊक आहे. श्राद्ध उजवीकडे आहे.” पोरगी झेंडा खाली घालून बघतच राहिली. घरी जाऊन अक्का न्हाल्या, मडीची साडी नेसल्या आणि चुलीपुढे उभ्या राहिल्या. एका हाताने त्या भिंत धरीत आणि दुसऱ्या हाताने वडे थापीत. दुपारी ब्राह्मण जेवून तृप्त होऊन गेले. मग आम्ही जेवलो. पायसम वाढता वाढता अक्का मला हळूच म्हणाल्या, “स्कूटरमध्ये पेट्रोल आहे की नाही?”

अम्मांचे कान शाबूत. “श्राद्ध जेवून वाट चालू नये मणून शास्त्र आहे,” त्या कडाडल्या. अक्का म्हणाल्या, “ते कर्त्याला. कर्ता तुमचा मुलगा. तो झोपला आहे. मी स्वयंपाकीण.” एवढं बोलून उन्हं कलताना त्या गल्लीच्या तोंडावर, सकाळी जिथून वळल्या होत्या नेमक्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि उरलेले बारा किलोमीटर पळायला लागल्या. पळायला कसल्या, लंगडायला. पोटातले वडे आणि पायातले गोळे यांचं आपसात जमेना. वाटेत दोनदा फुटपाथवर बसल्या. मी म्हटलं, “अक्का, पुरे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट पाण्याची बाटली पुढे केली.

मैदानावर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. कमान उतरवून झाली होती, माणसं मांडवाचे बांबू टेम्पोत चढवीत होती. मेडल द्यायला कुणी नव्हतं, टाळ्या वाजवायलाही नाही. फक्त एक रिक्षा उभी होती. तिच्यात साडू अवघडून बसले होते आणि त्यांच्या शेजारी, पाय पुढे करून, अम्मा. खुबा मोडल्यापासून त्या दवाखान्याखेरीज कुठे गेल्या नव्हत्या. अक्का रिक्षाजवळ येऊन दांडी धरून उभ्या राहिल्या. घामाने निथळत होत्या. अम्मा म्हणाल्या, “इतका वेळ?” मग त्यांनी हात पुढे केला आणि मडीत असताना सुनेचं घामेजलेलं तोंड आपल्या पदराने पुसलं. “घरी जाऊन न्हातें मी,” म्हणाल्या. “चल, बैस.” अक्का रिक्षाच्या पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडल्या. मी तोंड फिरवून बांबू मोजायचं निमित्त केलं, कारण माझंही काही खरं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात अम्मा गेल्या, झोपेतच. त्यानंतर अक्का बसमधून थेट स्टँडपर्यंत बसून यायला लागल्या. विचारलं तर गुडघ्याचं नाव सांगत. गेल्या महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे आल्या, कॉफी घेतली आणि रिकामा पेला हातात फिरवीत बसल्या. माझी बायको म्हणाली, “अक्का, पळत जा गं परत. बरं वाटेल.” तशा अक्का एकदम उसळल्या. “तू मणतेस पळ. हे मणतात पळ. कचेरीत मणतात पळा. असं कोणी पळतं का?” मग माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला होता. “माप्पिळ्ळे, तुम्ही जरा नको मणून सांगा की.”

मी पेपर बाजूला ठेवला. घसा खाकरला. “अक्का, आता नको. या वयात शोभत नाही.”

“सपक आहे,” अक्का म्हणाल्या. “अम्मांचं तिखट असायचं.”

मग मी सोलापूरचा सगळा आवाज लावून म्हणालो, “लाज वाटत नाही? लोक काय म्हणतील? घरात बसा मुकाट्याने!”

अक्का उठल्या. डोळे पुसले, पदर कमरेला खोचला आणि पायऱ्या उतरल्या. कोपऱ्यापर्यंत त्या चालत गेल्या. मग पळायला लागल्या.